नाही सापडलं तरी ओके

…नाही, पण मी म्हणतो, सापडलं नसेल तर सापडलं नाही म्हणावं की सरळ! यात लाजण्यासारखं काय आहे? तुम्ही दुकानात गेलात, म्हणालात, अर्ध्या इंचाचे चार स्क्रू द्या, तर दुकानदार काय म्हणतो? आहेत म्हणतो, नाहीत म्हणतो, फार तर उद्या या म्हणतो. पण तो जर तुमच्या तोंडाकडे बघत नुसता 'ओके' म्हणाला आणि तिथंच उभा राहिला तर? तुम्ही परत म्हणालात, अहो स्क्रू. तो परत म्हणाला, ओके. डोकं फिरेल की नाही? तर तुम्हाला सांगतो, असल्या दुकानात मी गेली अकरा वर्षं रोज जातोय.

माझं काम म्हणजे पाण्याच्या टाक्यांवरचे मॉडेम सांभाळायचे. असं सांगितलं की लोक लगेच म्हणतात, "अरे वा, इंटरनेटवाले का? आमच्याकडचं जरा बघा ना, सारखं गोल गोल फिरतं." इंटरनेटवाला नाही हो मी! टाकी असते वर टेकाडावर, पंप असतो खाली, आणि पंपवाला असतो कुठंतरी सावलीत पाय पसरून. टाकी भरली की त्याला उठवणार कोण? त्यासाठी टाकीच्या कठड्याला एक लोखंडी डबा ठोकलाय, डब्यात मुठीएवढा मॉडेम, मॉडेमच्या पोटात मोबाईलचं सिम. पाणी खुणेपर्यंत चढलं की मॉडेम फोन लावतो, फोनबुकात जो पहिला नंबर असेल त्याला, विचारपूस न करता. डब्यात एक बारीकसा माईक आहे. पंपवाल्यानं फोन उचलला की त्याला टाकीतलं पाणी ऐकू येतं, तो समजतो काय समजायचं ते, आणि बटण बंद करतो. बस्स, एवढाच संसार.

आता या मॉडेमला ना पडदा, ना बटणं. आपण लॅपटॉपची वायर लावायची, काळी खिडकी उघडायची आणि लिहायचं… ए टी, प्लस, सी पी बी एफ, बरोबरचं चिन्ह, पुढं अवतरणात नाव. म्हणजे काय, तर गड्या, तुझ्या फोनबुकात हे नाव शोध. तो शोधतो. सापडलं तर नाव दाखवतो, नंबर दाखवतो, आणि खाली काय लिहितो? ओके. आणि नाही सापडलं तर? नाव नाही, नंबर नाही, हूं नाही की चूं नाही… नुसतं ओके. कशाला ओके? कुणासाठी ओके?

असो. मुद्द्यावर येतो. मुद्दा असा, की गेल्या महिन्यात विजेचा मोठा झटका आला. आमच्या घरचा दिवा गेला, शेजाऱ्यांची कपडे धुवायची मशीन गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून पंपवाल्याची रड सुरू झाली. पंपवाला तसा भला माणूस, पण तक्रार करायला लागला की एका दमात, "साहेब, टाकीचा फोन येत नाही, साहेब, टाकी रोज वाहते, साहेब, पाणी खाली सुताराच्या शेडमध्ये शिरतं, त्याच्या फळ्या तरंगतात, साहेब, तो रंधा घेऊन माझ्या अंगावर येतो." मी म्हटलं, बघतो. आमच्या खात्यात 'बघतो' म्हणजे न बघणं, हे पंपवाल्यालाही माहीत, म्हणून तो थेट मॅडमकडे गेला. मॅडम म्हणजे आमच्या इंजिनिअर. त्या ओरडत नाहीत. त्या चष्मा काढतात. चष्मा काढून त्या म्हणाल्या, गुरुवारपर्यंत.

आता तुम्ही म्हणाल, तीन आठवडे हा माणूस करत काय होता? अहो, माझं लक्षच नव्हतं कामात! घरी वेगळंच चाललं होतं. त्याचं झालं असं, की एक दिवस आई शेंगा सोलत होती, आणि सोलता सोलता अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आज ह्यांचा फोन आला होता." मी विचारलं, कुणाचा? तर म्हणाली, "ह्यांचा." आता आमच्या घरात 'हे' एकच. माझे बाबा. आणि बाबांना जाऊन दोन वर्षं झाली.

 मी वरवर हसत विचारलं, काय म्हणाले? आई म्हणाली, "काही नाही, गप्पच असतात."  जिवंत होते तेव्हा तरी कुठं बोलायचे! बाबांचं फोनवरचं सगळ्यात लांब भाषण म्हणजे 'हं'. मला नोकरी लागल्याचं कळवलं तेव्हा 'हं'. ताईला मुलगी झाली तेव्हा दोनदा 'हं', आणि ते इतकं विशेष होतं की ताईनं ते अजून लक्षात ठेवलंय. तेव्हा पलीकडचा माणूस गप्प आहे म्हणजे तो आपला नवरा नसावा, असं आईला वाटायचं काही कारणच नव्हतं. उलट तोच मोठा पुरावा!

रोज यायचा म्हणे. दुपारी साडेचारच्या सुमाराला. घरचा फोन तोच जुना, वायरचा, तारेचा गुंडाळा असलेला, त्यावर नंबर दिसायची सोय नाही. आई सव्वाचारपासून खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसायला लागली. केस विंचरून! मला म्हणाली, "श्वास ऐकू येतो रे. पूर्वीसारखा घरघरत नाही आता. बरं वाटत असेल त्यांना तिकडे."

तिकडे. कुठं तिकडे, हे विचारायची माझी काही हिंमत झाली नाही. मी ताईला सांगितलं. ताईनं तासाभरात डॉक्टरची वेळ घेतली, मेंदूच्या डॉक्टरची, येत्या शनिवारची, आणि मला फोनवर दम दिला, "तू नुसता बघतो बघतो करत बसू नकोस. तिला एकटी ठेवायची नाही यापुढे. मी माझ्याकडे घेऊन जाते." आणि आईला तर ते घर सोडायचं नाव काढलेलं चालत नाही. का? तर ह्यांचा फोन आला तर कोण उचलणार! म्हणजे बघा, काय पेच होता. शनिवारी डॉक्टर काहीतरी म्हणणार, आणि आईचं घर सुटणार, आणि मी आपला रोज ऑफिसला जातोय आणि कुणी काही विचारलं की म्हणतोय… ओके.

तर असा बुधवार उजाडला. मॅडमचा चष्मा आठवून मी टाकीवर चढलो. वर एकदम शांत असतं. वारा नाही, माणूस नाही, खाली सुताराची करवत तेवढी ऐकू येते, आणि टाकीच्या आत पाणी… पाणी चढताना आवाज करतं, माहितीये? एकदा आत ओढल्यासारखा, एकदा सोडल्यासारखा. अकरा वर्षं ऐकतोय, कधी काही वाटलं नाही. डबा उघडला, स्क्रू खिशात टाकले, वायर लावली. पहिल्या नंबरावर पंपवाला आहे की नाही ते बघायचं होतं, दोन मिनिटांचं काम. लिहिलं, ए टी प्लस सी पी बी एफ, पी यू एम पी. खाली काय? ओके. नुसतं ओके.

म्हटलं चुकलं असेल. परत लिहिलं. परत ओके. आता या शोधायची एक गंमत आहे, नावाची सुरुवात जेवढी द्याल तेवढ्यावरून तो शोधतो. म्हणून मी नुसता पी दिला. आणि पडद्यावर दोन नावं आली. मोठ्या इंग्रजी अक्षरांत. पहिलं, प्लंबर बरा. दुसरं, प्लंबर खोटारडा.

 सरकारी टाकीच्या फोनबुकात प्लंबर खोटारडा कशाला असेल? आणि असं नाव कोण घालतं? मी नुसता डी दिला. डॉक्टर दात. डॉक्टर गुडघा. डॉक्टर शेवटचा. ओके.

तुम्हाला सांगतो, लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला मी. कारण 'डॉक्टर शेवटचा' हे कुणाचं, ते मला माहीत होतं. तीन डॉक्टर झाल्यावर बाबा म्हणाले होते, हा शेवटचा, याच्यापुढं मी नवीन डॉक्टर बघणार नाही. आणि बघितला नाहीच.

आता माझा पराक्रम ऐका. सात महिन्यांपूर्वी त्या मॉडेमचं सिम बंद पडलं होतं. ऑफिसचं नवीन सिम यायला वेळ लागणार, टाकी तर रोज भरणार, आणि घरी बाबांचं सिम कपाटात पडून होतं, चालू. चालू का, तर आई म्हणायची, ह्यांचा नंबर बंद करायचा नाही. मग मी काय केलं? माझ्या सुपीक डोक्यातून आलं, तेच सिम घालू टाकीत! नंबरही चालू राहील, टाकीचंही काम होईल. पुढं दोन महिन्यांनी ऑफिसचं सिम आलं. ते कुठंय? माझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात. अजून पाकीट फोडलेलं नाही. बघतो म्हणालो होतो ना.

आणि मॉडेमला असतात दोन वह्या. एक त्याची स्वतःची, एक सिममधली. त्याच्या वहीत मी पंपवाल्याला पहिला घातला होता, सगळं सुरळीत चाललं होतं, पण विजेच्या झटक्यानं तो आपली वही विसरला आणि सिमची वही उघडून बसला. बाबांची वही. म्हणजे तीन आठवडे टाकी भरली की तो पंपवाल्याला नाही, तर बाबांच्या वहीतल्या पहिल्या माणसाला फोन लावत होता.

 नुसता ए दिला. ए टी, प्लस, सी पी बी एफ, ए. दोन नावं आली. जागा एक… अगं. जागा दोन… अर्धवट.

दुसरा नंबर माझा होता. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, म्हणजे वाटलं, पण ते नंतर, जिना उतरताना. बाबा मला तोंडावरही तेच म्हणायचे, एक काम पुरं करशील तर शपथ. पण पहिला नंबर मी एकेक आकडा करत वाचला, आणि शेवटचे तीन आकडे न वाचताच मला पाठ होते. पहिलीत असताना बाबांनीच घोकून घेतला होता तो, हरवलास तर हा नंबर सांगायचा म्हणून. घरचा फोन. आणि नाव काय लिहिलंय? अगं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी आईला दुसऱ्या कशानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही, मग फोनमध्ये तरी दुसरं काय लिहिणार?

म्हणजे आई खुळी नव्हती! फोन येत होता! बाबांच्याच नंबरावरून येत होता! तुम्हाला सांगतो, मोठ्यानं हसलो मी एकटा टाकीवर. आणि तेवढ्यात खाली खट्ट झालं. पाणी खुणेला लागलं होतं. मी घड्याळ बघितलं, साडेचार. मॉडेमचा दिवा लुकलुकायला लागला. मी वायर ओढायला हवी होती ना? पण मी काय केलं, बॅगेतून इयरफोन काढला आणि डब्याला लावला.

दोनदा वाजला, आणि उचलला. "अहो," आई म्हणाली. आणि मग बोलायलाच लागली. सकाळी भिंतीला ओल आली ते सांगितलं, ताईची मुलगी पोहायला लागली ते सांगितलं, तुमचा तो निळा स्वेटर मी उसवला नाही हो, नुसता उन्हात घातला, ते सांगितलं. मध्ये मध्ये थांबायची, आणि तेवढ्यात टाकीतलं पाणी श्वास घ्यायचं, आणि ती म्हणायची, हो ना. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मुलाला रागावू नका. अर्धवट असला तरी रोज घरी येतो. मी एकटी नाहीये." मी तिथं कठड्याला टेकून बसलो आणि रडलो, सरळ सांगतो. खाली सुताराच्या शेडमध्ये पाणी शिरलं, तो ओरडत होता, पंपवाला ओरडत होता, आणि मला माझ्या आईचा फोन मध्येच तोडवेना.

पण करायचं काय? रात्रभर… जाऊ द्या ते. फोन चालू ठेवावा तर टाकी वाहणार, मॅडम चष्मा काढणार, आणि शनिवारी आई डॉक्टरपुढं बसून सांगणार, ह्यांचा फोन येतो. फोन बंद करावा तर शनिवारपर्यंत तिचं हे बोलणं थांबेल, डॉक्टर म्हणेल वयोमानानं होतं असं, आणि आईचं घर तिच्याकडे राहील. आणि तिला खरं सांगावं तर… तुम्ही सांगाल? की अगं आई, तू तीन आठवडे टाकीशी बोलतेयस? मला नाही जमलं. मी ठरवलं, फोन बंद.

गुरुवारी सकाळीच चढलो. या वेळी अर्धवट काही ठेवायचं नाही असं मनाशी पक्कं केलं. झाकणाचे दोन स्क्रू काढून खिशात टाकले, बाबांचं सिम काढलं, तेही खिशात घातलं. ऑफिसच्या सिमचं पाकीट फोडलं, ते बसवलं. मॉडेमला त्याची वही परत दाखवली, पहिल्या जागी पंपवाला घातला. शोधलं, पी यू एम पी. नाव आलं, नंबर आला, ओके. पाणी चढलं की वर येतो तो तरंगणारा गोळा हातानं वर उचलला, खाली पंपवाल्याचा फोन वाजला, तो तिथून नाचायला लागला. काम झालं. उतरणार होतो, पण राहवलं नाही. पुन्हा बसलो आणि नुसता ए शोधला. अगं नाही, अर्धवट नाही. खाली काय? ओके. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या ओकेचा राग आला नाही. मला वाटलं, तो तरी काय करील? शोधलं, नाही, आणि यापुढं त्याच्या हातात काही नाही. डोळे भरून आले, समोरचं नीट दिसेना, तसाच आवरून उतरलो.

चार वाजता घरी गेलो. म्हटलं, आज फोन यायचा नाही, तेव्हा आईजवळ कुणीतरी असावं. ती केस विंचरून बसलीच होती. मी समोर बसलो. सव्वाचार झाले. चार वीस. आई माझ्याकडे बघून म्हणाली, आज लवकर आलास? मी म्हटलं, सहज. साडेचार झाले. मी तिचा हात धरायला पुढं झालो…

आणि फोन वाजला.

कोण असेल, ताई असेल, चुकीचा नंबर असेल, मी मनात म्हणतोय तोवर आईनं उचलला. "अहो," म्हणाली. आणि त्याच क्षणी माझा मोबाईल वाजला. पंपवाला! "साहेब, टाकी भरली, आत्ता, या मिनिटाला मला फोन आलाय, पाण्याचा आवाज येतोय बघा माझ्या दुसऱ्या फोनातून, ऐकवू का?" ऐकवलं त्यानं. येत होता. आता मला सांगा, एक मॉडेम एका वेळी किती फोन लावतो? एक. मी अकरा वर्षं हेच काम करतोय, दोन लावलेले मी पाहिले नाहीत, आणि दुसरं कुठलं सिम त्यात असणार, जे होतं ते माझ्या खिशात! मी मोबाईल कानाला लावून समोर बघतोय, आणि आई फोनवर म्हणतेय, "हो, आलाय ना. समोरच बसलाय. हो, रडल्यासारखा दिसतोय. हो का? सांगते."

आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ते म्हणतात, डब्याचं झाकण नुसतं टेकवून आलायस. स्क्रू खिशातच राहिलेत."

माझा हात खिशात गेला. अर्ध्या इंचाचे दोन स्क्रू, आणि त्यांच्यामध्ये बाबांचं सिम. झाकणाचं टाकीवर कुणाला माहीत नव्हतं. मलाच माहीत नव्हतं! शनिवारची डॉक्टरची वेळ मी मोडलेली नाही, पेशंटचं नाव तेवढं बदलून माझं घातलंय, ताईला अजून बोललो नाही… ते जाऊ द्या. आईनं रिसीव्हर पुढं केला. "घे, तुझ्याशी बोलायचंय त्यांना." मी घेतला. कानाला लावला. पाण्याचा आवाज नाही, पंपाचा नाही, श्वासाचासुद्धा नाही.  आणि मग… "हं."

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार माणूस? सापडलात म्हणू, की सापडला नाहीत म्हणू? बराच वेळ शोधलं, आत काहीच मिळेना.

मी म्हटलं, ओके.